रविवारी चार वाजता

लेस्टरमध्ये डिसेंबर महिन्यात सूर्य चारला पाच-सात मिनिटं कमी असतानाच मावळतो. दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. ढगाळ देश, थंडीचे दिवस, मावळत असेल लवकर. पण जैनाच्या घरातल्या बाईला विचारा. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणजे तीनला कणीक मळायची, साडेतीनला ताट घ्यायचं आणि पावणेचारला शेवटचं पाणी प्यायचं. दुपारचं जेवण पोटात तसंच असतं, त्यावर हे दुसरं. आमच्या बेळगावात थंडीतसुद्धा सहा वाजेपर्यंत ऊन रेंगाळतं. तिथं कधी घड्याळ बघून जेवल्याचं मला आठवत नाही. उजेड बघून जेवायची सवय.

उन्हाळ्यात उलट. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत सूर्य आकाशातच. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर 'आक्का' म्हणतं, फोनवर म्हणाल्या होत्या, "मग काय, तुमची मजाच की. रात्री नवाला जेवा आन् धर्म बी सांभाळा." यांना कामाच्या दिवशी साडेतीनला घरी येणं शक्यच नव्हतं. ते संध्याकाळी दूध आणि फळांवर भागवत. ही सवलतही आक्कांनीच निघताना दिली होती. मला मात्र सवलत नव्हती, मी मागितलीही नव्हती.

२०११ च्या ऑगस्टात यांच्या कंपनीनं यांना दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं. लेक तेव्हा सेकंड पीयूसीला. कर्नाटकात राहणाऱ्यांना हे वर्ष म्हणजे काय ते सांगायला नको. बोर्डाची परीक्षा, वर सीईटी, त्यावर पुढचं सगळं. तिला मध्येच उचलून न्यायचा प्रश्नच नव्हता. ती टिळकवाडीतल्या आमच्या घरी आक्कांजवळ राहिली. सहा महिन्यांनी मी परीक्षेला येऊन राहायचं, असं ठरलं होतं. ठरताना तीही "होय, चालेल की" म्हणाली होती. पण आम्ही विमानात बसलो आणि तिचं बोलणं आटलं. रविवारी सकाळी फोन करायचा. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "आज्जीला त्रास देत नाहीस ना?" "हं." एवढ्यात कार्डातली मिनिटं शिल्लक आणि बोलणं संपलेलं.

तर ऑक्टोबरच्या शेवटी तिकडं घड्याळं तासभर मागं घेतात, आणि एकदम संध्याकाळ अंगावर येते. स्वयंपाकघर चारला बंद. ओटा पुसून झाला. जप झाला. हे सहाला येणार. त्यानंतरही झोपेपर्यंत चार तास. घरात टीव्ही नव्हता. टीव्ही घ्यायला हरकत नव्हती, पण तिकडं टीव्ही बघायला वर्षाचं लायसन्स लागतं, तेव्हा ते १४५ पौंड ५० पेन्स होतं. यांनी त्याचे रुपये करून दाखवल्यावर विषय मिटला. रेडिओला मात्र लायसन्स नाही. आमच्या लहानपणी आपल्याकडं रेडिओलाही लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. वडील ते पुस्तक कपाटात दागिन्यांशेजारी ठेवत.

रेडिओ मला दिला देवळातल्या एका बेननी. लेस्टरचं जैन मंदिर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आहे. मूळचं ते चर्च. १९८८ साली तिथं प्रतिष्ठा झाली. बाहेर पांढरा संगमरवर, आत कोरीव खांब, आणि मुख्य म्हणजे श्वेतांबर-दिगंबर दोघांच्या मूर्ती एकाच छपराखाली. आपल्याकडं यावरून कोर्टात जातात. बहुतेक मंडळी गुजराती. या बेन कंपालाच्या. १९७२ साली इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा आई-वडिलांबरोबर आलेल्या. लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की, इथं जागा नाही, येऊ नका. बेन हसून म्हणायच्या, "ती जाहिरात वाचूनच आमच्या बापूजींना या गावाचं नाव कळलं."

बेन आल्या तेव्हा शाळकरी होत्या, इंग्रजी तुटकं. त्या ते शिकल्या गाण्यांवरून. त्या काळात स्लेड नावाचा एक बँड फार गाजत होता. त्या मंडळींना गाण्यांच्या नावांची स्पेलिंगं मुद्दाम चुकीची करायची खोड. बेन रेकॉर्डवर बघून ती स्पेलिंगं पाठ करायच्या आणि वर्गात लिहायच्या. बाईंनी वहीवर लाल शाईनं रेघोट्या ओढल्या, तेव्हा बेननी रेकॉर्डचं कव्हरच नेऊन दाखवलं! साठीला टेकलेली, कपाळाला चंदनाचा टिळा लावलेली ही बाई मला पहिल्यांदा म्हणाली, "तुम्ही सबरस रेडिओ लावाल तर हिंदी गाणी मिळतील. छान असतात. पण ती तुम्हाला पाठ आहेत. इथं आलाय तर इथलं ऐका. रविवारी चार ते सात, रेडिओ वन."

रविवारी चार ते सात! आमचं ताट उचलायला आणि तो कार्यक्रम सुरू व्हायला एकच गाठ.

हा त्यांचा चार्ट. आठवडाभरात देशात कुठलं गाणं किती विकलं गेलं, ते मोजून चाळीसाव्यापासून एकापर्यंत वाजवत यायचं. पहिल्याच रविवारी मला हसू आलं. कारण हे तर मला सगळं ठाऊक होतं. बिनाका गीतमाला! दर बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोन, अमीन सायानी, आणि ती पायदानं. मागाहून बघितलं तर दोघांचं जन्मवर्षही एकच निघालं. इंग्लंडचा चार्ट १९५२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि आपली गीतमाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. गीतमालेच्या वेळी आमच्या गल्लीतली सगळी घरं ताटावर असायची. आमचं जेवण सातच्या आतच आटपलेलं. त्यामुळं रेडिओभोवती मांडी घालून निवांत ऐकणारे आम्हीच. जेवण लवकर आणि गाणी निवांत, ही सांगड माझ्या आयुष्यात अशी जुनीच आहे.

आक्कांना मात्र सिनेमाची गाणी कधीच पसंत नव्हती. त्या म्हणायच्या, गाण्यानं राग वाढतो. मी सून म्हणून नवी होते तेव्हा मला वाटायचं, गाण्यानं संताप कसा वाढेल? मग कळलं, आपल्या शास्त्रातला राग म्हणजे आसक्ती, जो द्वेषाचा जोडीदार. मराठीतला राग वेगळा आणि गवयाचा त्याहून वेगळा. एका शब्दात तीन माणसं राहतात आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

पहिले काही आठवडे मला शब्दच कळेनात. मी आर्ट्सची पदवीधर. वर्ड्सवर्थ, कीट्स शिकले, परीक्षेत रसग्रहणं लिहिली. पण ही गाणारी पोरं शब्द चावून चावून अर्धे गिळतात. वही घेऊन बसायचे, ऐकू येईल ते देवनागरीत उतरवायचे, आणि शुक्रवारी देवळात बेनना दाखवायचे. नोव्हेंबरात रिहानाचं एक नाचाचं गाणं पहिल्या नंबरावर होतं. त्यात ठेका इतका की पत्र्यावर वळवाचा पाऊस. मला काही ते भावलं नाही, आजही भावत नाही. पण एड शिरन नावाचा एक लाल केसांचा विशीतला मुलगा नुसत्या गिटारवर गायचा, तो आवडला. त्याचं 'द ए टीम' हे गाणं मी दोन आठवडे अंगाईसारखं गुणगुणत होते. बेननी अर्थ सांगितला, तर ते रस्त्यावर राहणाऱ्या, व्यसनात बुडालेल्या एका मुलीचं. बेघरांच्या निवाऱ्यात गायला गेला असताना भेटलेल्या लोकांवरून त्यानं ते लिहिलं होतं. एवढी गोड चाल आणि आत हे! मी गुणगुणणं थांबवलं नाही, पण आवाज खाली आला.

याच सुमारास आक्कांचा फोन. एरवी त्या स्वतःहून कधी परदेशी फोन करायच्या नाहीत, मीटर पळतं म्हणून. म्हणाल्या, "अगं, पोरगीच्या खोलीत रातभर एकच बाई रडालीय बघ. इंग्लिश बाई. रोज तीच. अभ्यास करालीय का रडणं ऐकालीय, काय कळंना."

मी लेकीला विचारलं. "कुठलं गाणं ऐकतेस गं?"

"कशाला विचारालीस? आज्जीनं सांगितलं काय?"

संपलं. पुन्हा "हो" आणि "हं".

कुठली बाई रडते ते मला कळायला चार दिवस लागले. कपडे इस्त्री करत होते. रेडिओवर एक पियानो सुरू झाला. नुसता पियानो, मागं दुसरं काही नाही. ढोल नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. आणि मग आवाज. जाड, भरलेला, थोडा फाटलेला. इस्त्री उभी करून ठेवली. शब्द या वेळी बरेच कळले, कारण ती बाई शब्द गिळत नव्हती. जुना प्रियकर आता दुसरीचा झाला आहे, हे ऐकून ती न बोलावता त्याच्या दारात गेली आहे. तुझं भलं होवो, असं म्हणते आहे आणि तसं म्हणताना तिचंच तिला पटत नाही. आपल्याकडं हे भावगीत झालं असतं. एक आवाज, एक भावना, तीन-चार मिनिटं. सांगली आकाशवाणीवर दुपारी लागतं तसं.

अ‍ॅडेल. टॉटनहॅममध्ये जन्मलेली, लंडनची मुलगी. गाण्याचं नाव 'समवन लाइक यू'. '२१' हा तिचा अल्बम त्या वर्षी जानेवारीत आला, आणि नाव २१ का, तर ती गाणी केली तेव्हाचं तिचं वय. फेब्रुवारीत ब्रिट पुरस्कारांच्या कार्यक्रमात तिनं नुसत्या पियानोवर हे गाणं म्हटलं, आणि पुढच्या रविवारी ते कुठून कुठं उडी मारून पहिल्या नंबरावर गेलं. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा सगळ्यांत जास्त विकलेलं गाणं हेच आणि सगळ्यांत जास्त विकलेला अल्बमही तिचाच.

इस्त्री थंड झाली तरी मी तिथंच. मला गाण्याचं नवल नव्हतं वाटत. सतरा वर्षांची पोर परीक्षेच्या वर्षात रात्ररात्र हे गाणं लावून बसते, याचा अर्थ कळायला आर्ट्सची पदवी लागत नाही.

रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "कोण मुलगा आहे, विचार. फोन लाव आत्ता." मी म्हटलं, नाही लावणार. बराच वेळ वाद झाला. यांचं म्हणणं, बापाला कळायला नको? माझं म्हणणं, सात हजार किलोमीटरवरून विचारलं की ती "कोणी नाही" म्हणणार, आणि एकदा "कोणी नाही" म्हटलं की ते पुढं तिलाच निभवावं लागणार. समोर असते तर तेल लावताना विचारलं असतं. पाठमोरं बसलेलं माणूस खरं बोलतं. फोनवर पाठ कशी करणार? आक्कांनाही मी तेच सांगितलं, विचारू नका. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मी दुधाचा पेला ठेवून येतो तिच्या टेबलावर. तेवढं तर करू ना?"

मी काय केलं, तर सीडी आणली. शहरातल्या सीडीच्या दुकानात जाऊन, साडी, स्वेटर, वर जाड कोट अशा अवतारात, '२१' मागितली. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, भेट द्यायला का? मी म्हटलं, नाही, मला. संध्याकाळी चार ते सहा ती सबंध ऐकली. पुढच्या रविवारी चार्ट संपला आणि सात वाजता मी लेकीला एसएमएस केला. फक्त त्या आठवड्याचा पहिला नंबर कोणता ते, आणि खाली, 'अ‍ॅडेलची सीडी घेतली. चौथं गाणं मला शेवटच्या गाण्यापेक्षा बरं वाटलं.' शेवटचं म्हणजे तेच, आक्कांची रडणारी बाई.

तेव्हा बेळगावात रात्रीचे साडेबारा. पीयूसीची पोरं जागीच असतात. दोन मिनिटांत उत्तर. 'आई??? तू???' आणि लगेच दुसरं, 'चौथं कसं काय बरं?? शेवटचंच बेस्ट आहे.'

मग हे दर रविवारचं झालं. सात वाजता पहिला नंबर जाहीर झाला की पन्नास-साठ सेकंदांत तो टिळकवाडीत पोचायचा. तिच्या वर्गातल्या मुलांना सोमवारी ती सांगायची, आणि तिचा भाव वधारला होता, असं नंतर कळलं. ती मला उलट नावं पाठवायची, हे ऐक, ते ऐक. वन डायरेक्शन नावाच्या पाच पोरांवर तिच्या मैत्रिणी जीव टाकत होत्या, तिला ती बालिश वाटत. माझी मतं तिला हास्यास्पद वाटत आणि ती तसं स्पष्ट लिहायची. हास्यास्पद का होईना, तीन शब्दांपेक्षा मोठी वाक्यं येत होती. हे बिल बघून पुटपुटले, पण टीव्हीचं लायसन्स वाचलं होतं, ते मी आठवून दिलं.

मध्येच बातमी आली की अ‍ॅडेलच्या स्वरतंतूंतून रक्तस्राव झाला, दौरे रद्द झाले, अमेरिकेत बोस्टनला शस्त्रक्रिया झाली. बोलायलासुद्धा बंदी. त्या दिवशी रविवार नसताना लेकीचा एसएमएस. 'तिचा आवाज परत येईल ना?' मी कुठली डॉक्टर. पण त्या पोरीनं मला गेल्या चार महिन्यांत विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी लिहिलं, 'वेळ लागेल. गप्प राहिलं की घसा बरा होतो.' लिहिल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि तसंच पाठवलं.

नाताळाजवळ बेनची धांदल. नाताळाचं जैनांना काय, असं विचारू नका. तिकडं नाताळाच्या आठवड्यात पहिल्या नंबरावर कुठलं गाणं येणार, यावर लोक पैजा लावतात, रीतसर, दुकानात जाऊन. बेन पैज लावत नाहीत, पण चर्चा करतात. तेव्हा टीव्हीवर एक गाण्याची स्पर्धा असायची, तिचा विजेता बहुधा नाताळाचा नंबर पटकवायचा. त्या वर्षी चार मुलींचा गट जिंकला होता. पण नाताळाच्या दिवशी नंबर आला भलत्याच बायकांचा. सैनिकांच्या बायकांचा!

त्याची हकीगत अशी. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात चिवेनॉर नावाचा सैन्याचा तळ आहे. तिथले नवरे अफगाणिस्तानात. बायका घरी, मुलं सांभाळत. गॅरेथ मलोन नावाचा एक तरुण गायनशिक्षक तिथं गेला आणि या बायकांना गोळा करून त्यानं समूहगान शिकवलं. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात कधी लोकांसमोर गायलं नव्हतं. नवरा-बायकोंनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतल्या ओळी घेऊन पॉल मिलर या संगीतकारानं गाणं रचलं, 'व्हेअरेव्हर यू आर'. नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या गायल्या. बेननी ती मालिका टीव्हीवर बघितली होती आणि मला सांगताना तीनदा नाक पुसलं. नाताळाच्या आठवड्यात त्याच्या पाच लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि पैसे गेले सैनिकांच्या मदतसंस्थांना.

बेळगावच्या माणसाला हे ऐकून काय आठवणार? मराठा सेंटर. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे. पहाटे कॅम्पाच्या बाजूला गेलं की रिक्रूट पोरांच्या रांगा धावताना दिसतात. आमच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत एक वहिनी राहतात, चंदगडकडच्या. त्यांचे मालक हवालदार, तेव्हा काश्मीरला. दोन लहान मुलं. वहिनींना इंग्रजी येत नाही. तरी मी ती सीडी घेतली. जानेवारीत यांच्या हपिसातले एक गृहस्थ हुबळीला निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवली. लेकीला लिहिलं, वहिनींना ऐकव आणि अर्थ सांग.

यानंतर लेकीची मेल आली. एसएमएस नव्हे, मेल, लांबलचक, रोमन लिपीत लिहिलेली मराठी. ती मी छापून ठेवली आहे.

वहिनींनी आधी विचारलं म्हणे, "ह्या बायका पगारी गाणाऱ्या काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि खाली बसल्या. लेकीनं गाणं लावलं, थांबवलं, एकेक ओळ मराठीत करून सांगितली. हे तिला फार अवघड गेलं, कारण तिनं लिहिलं होतं, 'आई, इंग्लिशमध्ये बरं वाटणारं वाक्य मराठीत म्हटलं की लाज वाटते.' वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं लिवतात होय पत्रात? आमचं म्हणजे, पैसे पोचले काय, पोरं बरी हाईत काय, म्हस गाभण हाय काय." आणि हसल्या. मग पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावल्यावर हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा ऐकून विचारलं, "त्यांचे मालक परत आले काय गं?"

लेकीला उत्तर देता आलं नाही. तिनं तो प्रश्न मला पाठवला. मी बेनना विचारलं. त्या तळावरची पलटण परत आली होती, पण त्या युद्धात ब्रिटनचे तोवर जवळजवळ चारशे सैनिक गेले होते. मी लेकीला लिहिलं, 'पलटण आली म्हणून सांग.' तिनं तेवढंच सांगितलं. आकडा मी तिला पाठवला होता, तो तिनं वहिनींना सांगितला नाही. हे तिचं तिनं ठरवलं.

पण मेल तिथं संपत नव्हती. वहिनींनी म्हणे त्याच दिवशी लेकीकडून पत्र लिहून घेतलं. स्वतःला लिहिता येत असून. "माझं अक्षर बघितलं की त्यांना वाटतंय पैसे मागालीय," असं म्हणून. काय लिहिलं ते लेकीनं मला सांगितलं नाही, वहिनींनी शपथ घातली होती म्हणून. फक्त एवढं लिहिलं होतं, 'आई, त्या बोलत होत्या आणि मी लिहीत होते. मध्ये त्या थांबायच्या तेव्हा मी पण थांबायची. एक माणूस लांब गेला आणि परत येणारच नाही असं माहीत असलं तर पत्र लिहायची गरज नाही ना? मी पण एक लिहिलेलं, ते फाडलं. आज्जीला सांगू नको. बाबांना तर नकोच.'

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. मुलगा कोण, कुठला, मला आजपर्यंत नक्की माहीत नाही. वर्गातला असावा, वडिलांची बदली होऊन गेला असावा, असा अंदाज. तिचं लग्न झालं, जावई चांगले आहेत, त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. मी उत्तरात लिहिलं की नाही सांगणार, आणि त्या रविवारचा पहिला नंबर लिहिला. आणखी काही लिहायला बसले तर चार पानं झाली असती आणि सगळीच उपदेशाची.

पुढं २०१५ मध्ये त्यांनी तो चार्ट रविवारवरून शुक्रवारी नेला आणि आटोपशीर केला, असं बेननी कळवलं. त्यांना ते अजिबात आवडलेलं नाही. हल्ली तर लोक गाणं विकतसुद्धा घेत नाहीत, फोनवर नुसतं किती वेळा ऐकलं ते मोजून नंबर ठरतात. विकत घेतलेलं गाणं आणि शंभरदा ऐकलेलं गाणं यांत कुठलं जास्त लाडकं, हा हिशेब मला तरी जमत नाही. आक्कांच्या हिशेबानं त्या सबंध टिळकवाडीत अ‍ॅडेलच पहिली होती.

त्या फेब्रुवारीतली एक पहाट. आमच्याकडं साडेचार वाजले असतील, सोमवार. फोन वाजला. परदेशात अवेळी फोन वाजला की माणूस आधी मनातल्या मनात घरातल्या म्हाताऱ्यांची नावं घेतं. मी अंधारात धडपडत गेले. पलीकडून लेक ओरडत होती.

"आई, सहा मिळाले! ग्रॅमी! सहाच्या सहा! आणि ती गायली आई, स्टेजवर गायली, आवाज परत आलाय!"

"आधीसारखा?"

"थोडा वेगळा आहे. चांगला आहे. आई, आज्जी पण बघालीय माझ्याबरोबर. थांब, देते."

आक्का आल्या. "होय गं, बघितलं. हीच काय ती रडणारी? अंगानं बरी धष्टपुष्ट आहे की." मग आवाज खाली आणून, "पोरगी सकाळपास्नं हसालीय. म्हटलं तुला सांगावं. ठेवतो आता, मीटर पळालंय."

हे अंथरुणात उठून बसले होते. "काय झालं? आक्का बरी आहे ना?"

"बरी आहे. अ‍ॅडेलला सहा ग्रॅमी मिळाले."

यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आणि पोरगी?"

"ती पण बरी आहे," मी म्हटलं.